ओआरएस लिहिलेला प्रत्येक डबा ओआरएस नसतो



पावसाळा तोंडावर आला की वस्तीत जुलाबाची साथ येते. नळाला गढूळ पाणी येते, गटार तुंबते आणि घराघरातली लहान लेकरे आजारी पडतात. म्हणून या अंकात जुलाबावरच्या औषधाबद्दल आणि त्या औषधाचे नाव लावून विकल्या जाणाऱ्या दुसऱ्याच वस्तूबद्दल लिहीत आहोत. महिला मंडळाच्या बैठकीत हा पाठ मोठ्याने वाचावा, अशी विनंती आहे.

वस्तीत घडलेली गोष्ट

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका ताईच्या सव्वा वर्षाच्या मुलाला जुलाब लागले. ताई चार घरी धुणीभांडी करते, तिचा नवरा बिगारी कामाला जातो. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तिने सकाळी मेडिकलमधून ओआरएस मागून आणले. दुकानदाराने रंगीत, नळी लावलेला डबा दिला. त्यावर सफरचंदाचे चित्र होते आणि मोठ्या अक्षरांत ओआरएस हे नाव होते. मुलाला चव आवडली. दिवसभरात त्याने दोन डबे संपवले. ऐंशी रुपये गेले.

संध्याकाळी जुलाब थांबायच्या ऐवजी वाढले. डोळे खोल गेले, रडताना डोळ्यांतून पाणी येईना. ताई त्याला घेऊन आमच्याकडे आली. आम्ही विचारले, "ओआरएस दिलं का?" ती म्हणाली, "सकाळपासून तेच देतेय ना ताई, दुसरं काही पाजलंच नाही!" तिने रिकामा डबा दाखवला. चष्मा लावून मागची बारीक अक्षरे वाचली तेव्हा कळले. त्यावर इंग्रजीत लिहिले होते की हे उत्पादन जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले ओआरएस नाही.

मुलाला सरकारी दवाखान्यात नेले. सलाईन लागले, दोन दिवसांनी तो घरी आला. आज तो बरा आहे. पण त्या आईने काय चूक केली होती? तिने हयगय केली नव्हती. औषध मागितले होते, पैसे मोजले होते आणि डब्यावरचे नाव बरोबर वाचले होते. नावच फसवे होते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. आरोग्याचे पान लिहिणाऱ्या आमच्यापैकीच एकीने आदल्या वर्षी आपल्या नातवाला असेच डबे पाजले होते. तिनेही मागची बाजू वाचली नव्हती.

खरे ओआरएस म्हणजे काय?

जुलाबात शरीरातून नुसते पाणी जात नाही, पाण्याबरोबर मीठ आणि इतर क्षारही जातात. लहान मुलाच्या शरीरात साठा थोडा असतो, म्हणून काही तासांतच त्याच्या जिवाला धोका होतो. नुसते पाणी पाजले तर गेलेले क्षार भरून येत नाहीत.

आपल्या आतड्याची एक खुबी आहे. मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात एकत्र आले की आतडे ते दोन्ही आत ओढून घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत जाते. जुलाब चालू असतानाही हे काम चालते. ओआरएस म्हणजे याच प्रमाणात तयार केलेली पूड. एक लिटर पाण्यासाठीच्या पुडीत हे घटक असतात:

- साधे मीठ (सोडियम क्लोराइड): २.६ ग्रॅम
- ग्लुकोज (डेक्स्ट्रोज): १३.५ ग्रॅम
- पोटॅशियम क्लोराइड: १.५ ग्रॅम
- सोडियम सायट्रेट: २.९ ग्रॅम

या औषधाचा इतिहास आपण लक्षात ठेवावा. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. रुग्ण जमिनीवर पडलेले होते आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करून घेतल्या, ते पाणी पिंपांत कालवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. त्या छावणीत शंभर रुग्णांपैकी तीसच्या आसपास दगावत होते. पाणी पाजायला लागल्यावर हे प्रमाण चारच्याही खाली आले. पाजणारे लोक डॉक्टर नव्हते. ते आई, बाप, भाऊ, शेजारी होते.

तेव्हापासून जगभर कोट्यवधी लेकरे या साध्या पुडीने वाचली. ओआरएस या तीन अक्षरांवर आयाबायांचा विश्वास बसला तो असा. पुढे पेये विकणाऱ्यांनी हाच विश्वास आपल्या डब्यावर छापून विकला.

गोड डब्याने जुलाब का वाढतात?

साखरांबा किंवा मुरांबा करताना कैरीच्या फोडींना साखर लावून ठेवली की थोड्या वेळात फोडींना पाणी सुटते. साखर पाणी ओढून बाहेर काढते. आतड्यातही असेच होते. पेय गरजेपेक्षा जास्त गोड असले तर साखर शरीरातले पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब आणखी पातळ होतात. त्यातच अशा पेयात मीठ कमी असते, म्हणजे गेलेले क्षारही भरून येत नाहीत.

खऱ्या ओआरएसच्या एक लिटरमध्ये ग्लुकोज १३.५ ग्रॅम असते. नाव लावून विकल्या जाणाऱ्या काही पेयांत लिटरमागे १०० ग्रॅमहून जास्त साखर असल्याचे डॉक्टरांनी दाखवून दिले. आपल्या चहाच्या चमच्याने मोजू. एका सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर बसते. २०० मिलि खऱ्या ओआरएसमध्ये एक चमचाही गोड नाही. तेवढ्याच मापाच्या त्या डब्यात पाच चमचे साखर. निरोगी मोठ्या माणसाने सरबत म्हणून प्यायले तर ते सरबतच. जुलाब लागलेल्या लेकराला औषध म्हणून पाजले तर तो धोका.

बारीक अक्षरांचा कायदा

मग सरकार काय करत होते, हा प्रश्न कुणीही विचारील.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या डब्यांविरुद्ध सुमारे आठ वर्षे लढा दिला. पत्रे लिहिली, लोकांना समजावले, न्यायालयात गेल्या. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, एप्रिल २०२२ मध्ये अशा पेयांवर ओआरएस हे नाव वापरायला मनाई केली. पण तीनच महिन्यांनी, जुलै २०२२ मध्ये, ढील दिली. नाव ठेवा, फक्त 'हे जागतिक आरोग्य संघटनेचे ओआरएस नाही' अशी सूचना डब्यावर छापा, असे सांगितले.

या सवलतीचा अर्थ काय झाला? पुढे मोठ्या अक्षरांत ओआरएस आणि दुसरीकडे बारीक इंग्रजीत 'हे ओआरएस नाही'. ज्या आईला इंग्रजी वाचता येत नाही, रात्री दिव्याच्या उजेडात रडणारे मूल जिच्या मांडीवर आहे, तिच्यासाठी ती सूचना नव्हतीच. आमच्या वस्तीतल्या ताईच्या हातात होता तो डबा याच सवलतीतला.

शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी प्राधिकरणाने ती सवलत मागे घेतली. फळांचे पेय, साधे पेय, तयार पेय, कोणत्याही खाद्यपदार्थाच्या नावात ओआरएस हा शब्द मागेपुढे जोडून वापरता येणार नाही, असा आदेश निघाला. एका कंपनीने याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. त्याच महिन्याच्या अखेरीस न्यायालयाने आदेशात हात घालायला नकार दिला.

ही चांगली गोष्ट झाली. पण आदेशाने नाव बदलते, आतले पेय तेच राहू शकते. तोच रंग, तेच फळाचे चित्र, मेडिकलमधली तीच जागा आणि 'इलेक्ट्रोलाइट', 'एनर्जी', 'रिहायड्रेशन' असे एखादे नवे नाव. म्हणून आदेशावर विसंबून चालणार नाही. ओळखायचे आपणच शिकले पाहिजे.

खरे कसे ओळखावे?

इंग्रजी येत नसले तरी या चार खुणा पाहता येतात.

१. एफएसएसएआयची खूण. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर ही खूण आणि १४ आकडी परवाना क्रमांक असतो. ही खूण असली म्हणजे ती खाण्यापिण्याची वस्तू आहे, औषध नाही. बिस्किटाच्या पुड्यावर ही खूण पाहून ठेवा, मग कुठेही ओळखता येईल.

२. औषधाच्या पाकिटावर औषध बनवण्याचा परवाना क्रमांक असतो आणि घटकांच्या नावापुढे आय.पी. अशी दोन इंग्रजी अक्षरे असतात. त्याचा अर्थ भारतीय औषधसंहितेप्रमाणे.

३. चार आकडे. २.६, १३.५, १.५, २.९. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. एक लिटरच्या पुडीवर ते जुळले पाहिजेत.

४. किती पाण्यात कालवायचे ते माप. मोठी पुडी साधारण २१ ग्रॅमची, एक लिटरसाठी. छोटी पुडी साधारण सव्वाचार ग्रॅमची, २०० मिलिसाठी, म्हणजे एका पेल्यासाठी.

डब्यात मिळणारे प्रत्येक तयार पेय खोटे असते असे नाही. औषधाच्या परवान्याने बनवलेले तयार ओआरएसही मिळते. म्हणून आकारावर जाऊ नका, खुणा पाहा. दुकानात नुसते 'ओआरएस द्या' म्हणू नका. "भाऊ, डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याची पावडर द्या," असे स्पष्ट सांगा.

आणि एक मनातली गाठ सोडवू या. आशाताई किंवा अंगणवाडीताई जी साधी पुडी फुकट देतात, तिला आपल्यातले पुष्कळ जण हलकी समजतात. 'लेकरासाठी पैसे खर्च केले म्हणजे चांगलेच औषध आणले' असे वाटते. जाहिरात नेमकी याच भावनेला हात घालते. गरीब आईबापालाही आपल्या मुलाला उत्तम द्यायचे असते, हे विकणाऱ्याला ठाऊक असते. पण इथे फुकटची साधी पुडी हेच खरे औषध आहे आणि महागडा डबा हे सरबत. बाहेर विकत घेतली तरी मोठी पुडी साधारण वीस-पंचवीस रुपयांत मिळते आणि तिचे एक लिटर औषध होते.

कसे द्यावे?

हात साबणाने धुवा. पाणी उकळून गार करा. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन मापाला वापरा. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा. अर्धी पुडी पेल्यात टाकू नका, प्रमाण चुकते. कालवल्यावर उकळू नका. वरून साखर, दूध किंवा फळांचा रस घालू नका. झाकून ठेवा आणि २४ तासांनंतर उरलेले फेकून द्या.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिलि, म्हणजे पाव ते अर्धा पेला द्या. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक पेला. त्याहून मोठ्यांना पिववेल तितके. लहान मुलाला चमच्या-चमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा. अंगावरचे दूध बंद करू नका. मोठ्या मुलाचे जेवण तोडू नका. भाताची पेज, वरणाचे पाणी, ताक देत राहा.

ओआरएसबरोबर झिंकच्या गोळ्या मिळतात. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, असे १४ दिवस द्यायचे असते. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून देता येते. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करा.

रात्रीची वेळ आहे आणि पुडी मिळत नाही, तर तोवर घरी करा: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घरच्या साखरेत अर्धेच ग्लुकोज असते, म्हणून ती जास्त लागते. चमचा बोटाने सपाट करून घ्या. मीठ जास्त पडले तर ते अपायकारक असते. सकाळी पुडी मिळवा.

पुढीलपैकी काहीही दिसले तर घरी वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. मूल सुस्त पडले किंवा पीत नाही, प्यायलेले सगळे उलटून पडते, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू मागे जाते, सहा-आठ तास लघवी नाही, शौचात रक्त आहे, किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतले आहे. वाटेतही ओआरएस पाजत राहा.

मोठ्यांसाठी एक सूचना. ज्यांना रक्तदाब किंवा किडनीचा त्रास आहे, त्यांनी उन्हाळ्यात ओआरएस रोजचे सरबत म्हणून पिऊ नये. ते औषध आहे.

हाच धडा दुसऱ्या डब्यांना

ओआरएसच्या डब्यावरून जे शिकलो ते किराणा दुकानातही चालते. दुधात घालायच्या पावडरी वर्षानुवर्षे 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकल्या गेल्या. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही. एप्रिल २०२४ मध्ये सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेये त्या नावाखालून काढायला सांगितले. त्याच वर्षी जूनमध्ये, पाणी घालून केलेल्या फळांच्या रसांवरचा '१०० टक्के फळांचा रस' हा दावाही काढायला सांगितले गेले.

पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते. ज्या घटकाचे वजन सगळ्यात जास्त, त्याचे नाव पहिले, असा नियम आहे. 'आट्याचे' किंवा 'मल्टिग्रेन' बिस्किट घेतले आणि यादीत पहिले नाव मैद्याचे असले, तर ते मैद्याचेच बिस्किट. पहिल्या तीन नावांत साखर असली, तर ती गोड वस्तू आहे, पौष्टिक नाही. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप ही साखरेचीच दुसरी नावे, आणि माल्टोडेक्स्ट्रिन हा पोटात जाऊन ग्लुकोज होणारा पदार्थ. पुढची बाजू विकण्यासाठी सजवलेली असते. मागची बाजू कायद्याने लिहायला लावलेली असते. म्हणून डबा हातात आला की आधी उलटा करा.

तक्रार कुठे करावी?

दुकानात अजून ओआरएस नावाचे गोड पेय दिसले, तर भांडण न करता पाकिटाचा पुढून आणि मागून फोटो काढा, बिल मागून घ्या. अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल फ्री क्रमांकावर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर कळवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीसाठी कंपनीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केले तर ५० लाखांपर्यंत. एकट्याने फोन करायला संकोच वाटत असेल तर मंडळाच्या वतीने करा. तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा.

पुढच्या रविवारचा अभ्यास

वंदनेनंतर विहारात थांबा. येताना प्रत्येकीने घरातला एक डबा किंवा रिकामे पाकीट आणावे. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनी मागची अक्षरे वाचून दाखवावीत, आयांनी चमच्याने साखर मोजावी. आशाताईंना आम्ही बोलावले आहे. त्या पुड्या घेऊन येतील आणि एक लिटर ओआरएस सगळ्यांसमोर कालवून दाखवतील. प्रत्येक घरी दोन पुड्या पावसाआधी पोहोचल्या पाहिजेत.

ज्या ताईच्या मुलाची गोष्ट वर सांगितली, तीही येणार आहे. तो रिकामा डबा तिने जपून ठेवला आहे. त्याच्या मागे काय लिहिले आहे, ते ती स्वतः सगळ्यांना दाखवणार आहे.